चाळीस डुकरं आणि एक कोपरा: मध्ययुगीन किल्ले कसे पडायचे

प्रश्न असा आलाय की युरोपातले मध्ययुगीन किल्ले नेमके कसे घ्यायचे आणि आतले लोक ते कसे राखायचे, पिक्चरमध्ये दाखवतात तसं शिड्या लावल्या, वरून उकळतं तेल ओतलं, दरवाजा फुटला आणि खेळ खल्लास, असं खरंच व्हायचं का. थोडक्यात उत्तर म्हणजे क्वचित. सविस्तर उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो, मी इतिहासकार नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, मूळचा साताऱ्याचा, गेली बावीस वर्षं इंग्लंडात जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत घालवली. त्यामुळे राजे-राण्या, वंशावळी वगैरे मला विचारू नका, पण भिंत का उभी राहते आणि का पडते हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे. आणि लहानपण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेल्यामुळे किल्ला म्हटलं की डोकं आपोआप "हा मी कसा घेतला असता" असंच चालायला लागतं, बायको वैतागते त्याला.

रॉचेस्टरपासून सुरू करतो कारण त्यात सगळं आलं. लंडनच्या पूर्वेला, मेडवे नदीच्या काठावर. ११२७ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने बांधायला घेतलेला बालेकिल्ला, म्हणजे चौकोनी उभा दगडी टॉवर, चौतीस-पस्तीस मीटर उंच, भिंती साडेतीन मीटरच्या आसपास जाड. साडेतीन मीटर म्हणजे तुमच्या फ्लॅटची बेडरूम आडवी टाका, तेवढी नुसती भिंत. १२१५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या जॉन राजाला सरदारांनी मॅग्ना कार्टावर (राजाच्या मनमानीला लगाम घालणारी सनद) शिक्का मारायला लावला, तो उन्हाळ्यातच उलटला, आणि शरदात सरदारांच्या एका तुकडीने हा किल्ला बळकावला. लंडन-डोव्हर रस्ता अडला. ऑक्टोबरच्या मध्याला जॉन स्वतः वेढा द्यायला आला.

पहिलं काम त्याने केलं ते नदीवरचा पूल तोडला, म्हणजे लंडनहून मदत यायची वाट बंद. दुसरं काम, कँटरबरीला हुकूम पाठवला की रात्रंदिवस राबून जेवढ्या कुदळी बनवता येतील तेवढ्या बनवा. इथेच कळतं की माणसाला धंदा कळतो. त्याने तलवारी नाही मागवल्या, कुदळी मागवल्या. दगडफेकीची यंत्रं पाच होती, दिवसरात्र चालू होती, पण त्या भिंतीला त्यांचं काही विशेष नव्हतं. लंडनहून सातशे घोडेस्वार मदतीला निघालेही, ते अर्ध्या वाटेतून परत फिरले. बाहेरचा तट पडला, आतले लोक टॉवरमध्ये गेले, आणि मग जॉनच्या माणसांनी टॉवरच्या आग्नेय कोपऱ्याखाली भुयार खणायला घेतलं.

आता इथे थांबा, कारण सुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारूचा स्फोट येतो. तेराव्या शतकातल्या इंग्लंडात तोफेची दारू नव्हती. तेव्हाचा सुरुंग म्हणजे पायाखाली पोकळी करायची, जसजसं खणत जाल तसतसे वरच्या भिंतीला लाकडी टेकू द्यायचे, म्हणजे तेवढा वेळ भिंत दगडावर नाही तर लाकडावर उभी असते. मग पोकळीत काटक्या, वाळलेलं लाकूड, चरबी भरायची, पेटवायचं, आणि पळायचं. टेकू जळाले की भिंत खाली बसते.

आणि २५ नोव्हेंबर १२१५ च्या तारखेचं जॉनचं पत्र आजही शिल्लक आहे. आपल्या अधिकाऱ्याला लिहितोय की ताबडतोब चाळीस डुकरं पाठव, सगळ्यात लठ्ठ आणि खायला सगळ्यात कमी चांगली अशी, टॉवरखाली आग लावायला. मला हे पत्र भयंकर आवडतं. खायला चांगली नकोत! म्हणजे राजा वेढ्याच्या धामधुमीतही हिशोब करतोय की चांगलं मटण जाळायचं नाही.

डुकरं कशाला, नुसतं लाकूड का नाही, हा प्रश्न मला साइटवर नवीन पोरं विचारतात. ओकचा जाड टेकू पटकन जळत नाही, बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला वाचवतो. वरून भुयारात हवा कमी. आणि मुख्य म्हणजे टेकू एकेक करून गेले तर भिंत हळूहळू बसते, तडे जातात, पण उभी राहते, चुन्यातलं बांधकाम फार सोशिक असतं. तुम्हाला टेकू साधारण एकदम गेलेले हवेत. त्यासाठी आग अशी पाहिजे की जी धरून राहते आणि सगळीकडे पोहोचते, आणि त्याला चरबीसारखं काही नाही.

आता कोपराच का. ह्यात खरं इंजिनियरिंग आहे. लांब सरळ भिंतीच्या मधोमध खालून दोन मीटरचं भगदाड पाडलं तर वरचं बांधकाम स्वतःच कमान धरतं, भार दोन्ही बाजूंना सरकवतं आणि मजेत उभं राहतं. कोपऱ्याला ती सोय नाही, एका बाजूला पुढे काहीच नसतं, मोकळी हवा. काही वर्षांपूर्वी एका कामावर (कुठलं ते नको) ड्रेनेजवाल्या कंत्राटदाराने जुन्या बागेच्या भिंतीखालून दोन ठिकाणी चर काढले, आम्हाला न विचारता. मधल्या भिंतीखालच्या चराने केसाएवढी चीरसुद्धा आली नाही. कोपऱ्याखालचा चर तेवढाच होता, सकाळी येऊन बघतो तर कोपरा चार इंच खाली आणि बाहेर कललेला, हात लावायची हिंमत होईना. मी तिथे उभा राहून शिव्या द्यायच्या ऐवजी रॉचेस्टरचा विचार करत होतो, साहेबाला वाटलं मी टेन्शनमध्ये आहे.

तर रॉचेस्टरचा कोपरा पडला. आणि पिक्चर असता तर इथे संपला असता. पण त्या टॉवरच्या आत मधोमध एक आडवी भिंत आहे, खालपासून वरपर्यंत, टॉवरचे दोन भाग करणारी, आणि विहीर त्या भिंतीतच आहे, प्रत्येक मजल्यावरून पाणी ओढता येतं. अर्धा टॉवर गेला तर आतले लोक भिंतीच्या पलीकडे सरकले आणि तिथून लढत राहिले! शेवटी हरले ते पोटाने, घोड्याचं मांस आणि पाणी एवढंच उरलं होतं. ३० नोव्हेंबरला शरण आले, सुमारे सात आठवडे झाले होते. जॉनला सगळ्यांना फासावर द्यायचं होतं, त्याच्याच एका सरदाराने समजावलं की उद्या आपली माणसं त्यांच्या हातात सापडली तर ते काय करतील. मग एकालाच फाशी दिली, एका क्रॉसबोवाल्याला, जो लहानपणापासून राजाच्या पदरी वाढला होता.

नंतर पडलेला कोपरा पुन्हा बांधला तो गोल. आज जाऊन बघितलं तर तीन कोपऱ्यांचे बुरूज चौकोनी आणि एक गोल, ज्याला माहीत नाही त्याला वाटतं आर्किटेक्टचा मूड बदलला. गोल का, तर खणणाऱ्याला धरायला कोपरा नाही, धोंडा लागला तर तिरका घसरतो, आणि वरून बघणाऱ्याला पायथ्याशी लपलेला माणूस दिसतो. चौकोनी बुरुजाच्या टोकाशी एक आंधळी जागा राहते, तिथे दोन्ही बाजूंच्या जंग्यांतून (तटातल्या बाण मारायच्या फटींतून) बाण पोहोचत नाही. हा धडा तोवर फ्रान्समध्ये आणि सीरिया-पॅलेस्टाइनमध्येही घेतला जात होता, पण रॉचेस्टरला एकाच इमारतीत "आधी" आणि "नंतर" दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

आता माझं म्हणणं काय ते सांगतो, बाकी सगळं त्यावरच आहे. किल्ला कोणाला कायमचा अडवायला बांधत नव्हते, दिवस मिळवायला बांधायचे. आतला किल्लेदार मोजतोय की धान्य किती दिवसांचं, पाणी किती दिवसांचं, आणि मदत किती दिवसांत येईल. बाहेरचा मोजतोय की पैसा किती दिवसांचा (सरदारांची फुकटची चाकरी रिवाजाने चाळीस दिवसांची, पुढे पगार द्या नाहीतर ते घरी जातात), हगवण कधी सुरू होईल, थंडी कधी पडेल. ज्याचे दिवस आधी संपले तो हरला. भिंत, खंदक, यंत्र, भुयार ही सगळी त्या मोजणीत भर घालायची किंवा वजाबाकी करायची साधनं.

पाणी बघा. ११३६ साली एक्सेटरला स्टीफन राजाने वेढा घातला, बंडखोर आत होते, आणि तो उन्हाळा एवढा कडक की किल्ल्यातल्या दोन्ही विहिरी आटल्या. खाणंपिणं बक्कळ होतं, वाइनची पिंपं भरलेली. मग वाइनमध्येच पीठ मळायला लागले, वाइनमध्येच शिजवायला लागले, आणि बाहेरून पेटते बाण यायचे ती आग विझवायलाही वाइनच. ऐकायला भारी वाटतं, पण वाइन संपली तेव्हा साधारण तीन महिने झाले होते आणि किल्ला खाली करून द्यावा लागला. स्टीफनच्या यंत्रांनी नाही, एका उन्हाळ्याने किल्ला घेतला.

आणि भूक. इथे मला शातो गायार सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती गोष्ट वाईट आहे. सीन नदीच्या वर, नॉर्मंडीत (आज फ्रान्समध्ये, तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे), जॉनच्या थोरल्या भावाने, रिचर्ड राजाने ११९६ ते ९८ मध्ये बांधलेला, दोन-अडीच वर्षांत एवढा किल्ला म्हणजे आजच्या हिशोबानेही वेग अफाट आहे. रचना अशी की एका सोंडेवर तीन किल्ले एकामागे एक, मध्ये खंदक, एक पडला तर दुसऱ्यात जा, दुसरा पडला तर तिसऱ्यात. आपल्याकडे राजगडाच्या माच्या आणि वर बालेकिल्ला, तीच अक्कल. १२०३ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्सचा राजा फिलिप वेढा द्यायला आला. आत रॉजर द लेसी नावाचा किल्लेदार, कडक माणूस. खालच्या गावातले लोक जीव वाचवायला किल्ल्यात घुसले होते, हजाराच्या वर, आणि लेसीने धान्याचा हिशोब मांडला तेव्हा त्याला दिसलं की एवढ्या तोंडांना घातलं तर काही महिन्यांत सगळं साफ. त्याने त्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन खेपा फ्रेंचांनी जाऊ दिल्या. मग फिलिपच्या लक्षात आलं की आपण शत्रूचे दिवस वाढवतोय, त्याने बंदी केली. पुढची खेप निघाली तेव्हा फ्रेंचांनी पुढून बाण मारले, मागे वळले तर किल्ल्याचा दरवाजा बंद. बायका, पोरं, म्हातारे, शेकडो माणसं हिवाळाभर तट आणि वेढ्याच्या मधल्या उतारावर पडून राहिली, पाला खाऊन. पुष्कळ मेली. शेवटी फिलिपने उरलेल्यांना खायला घातलं तर उपाशी पोटावर एकदम अन्न पडून त्यातलेही बरेच गेले.

लेसीवर राग येतो, फिलिपवर येतो, पण दोघेही तोच हिशोब करत होते.

मार्च १२०४ मध्ये तो पडला, आणि पडला कसा तेही बघा कारण त्यात बांधणाऱ्याच्या चुका आहेत. पहिला भाग भुयाराने गेला, तिथे टोकाचा बुरूज खणून पाडला. मधल्या भागात जॉनने नंतर एक इमारत टेकवली होती, वर चॅपेल (छोटं प्रार्थनाघर), खाली संडास, आणि तिची एक खिडकी बाहेरच्या बाजूला जरा खाली होती. फ्रेंच शिपाई त्या बाजूने चढून आत शिरले, आत आरडाओरडा करून आपण पुष्कळ आहोत असं भासवलं, आतल्यांनी घाबरून तिथेच आग लावली ती त्यांच्यावरच उलटली. लोक ही गोष्ट "संडासातून किल्ला घेतला" अशी सांगतात, हसायला बरी आहे, पण मुद्दा असा की मूळ डिझाइनमध्ये नसलेली नंतरची भर घात करून गेली. आम्ही ह्याला साइटवर एक्स्टेन्शनचा शाप म्हणतो. आणि तिसऱ्या भागाकडे जायला खडकातच कोरलेला दगडी पूल ठेवला होता, लाकडी असता तर आतल्यांनी उडवून टाकला असता, दगडी पुलाचं काय करणार. उलट त्या पुलाच्या खाली खणणाऱ्यांना आयतं छप्पर मिळालं, वरून धोंडे पडले तरी पुलावर.

यंत्रांविषयी थोडक्यात, कारण यूट्यूबवर त्याचेच व्हिडिओ जास्त आहेत. ट्रेबुशे म्हणजे मोठी गोफणच, एका टोकाला जड पेटी, दुसऱ्या टोकाला दोरीची गोफण, पेटी खाली पडते, हात वर उडतो, धोंडा जातो. शंभर किलोच्या आसपासचा धोंडा दोन-अडीचशे मीटर. तो जाड तट फोडायला बहुतेक वेळा पुरत नाही, पण तटाच्या वरच्या चर्या, लाकडी गॅलऱ्या, आतली छपरं उडवतो, म्हणजे वर उभं राहायला जागा ठेवत नाही, आणि वर कोणी नाही म्हणजे खाली खणणाऱ्याला त्रास नाही. १३०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला इंग्लंडच्या राजा एडवर्ड पहिल्याने वॉरवुल्फ नावाचं अवाढव्य यंत्र बांधायला घेतलं, वजनासाठी शिसं लागतं म्हणून चर्चच्या छपरांवरचं शिसं काढून आणलं. जुलैमध्ये आतले शरण यायला तयार झाले तर राजा म्हणाला थांबा, आधी माझं यंत्र चालवून बघू दे. आणि खरंच चालवलं, मग शरणागती घेतली. नवीन गाडी घेतल्यावर माणूस उगाच एक चक्कर मारतो तसं.

आतले काय करायचे, हा अर्धा प्रश्न राहिलाच. पहिली गोष्ट, आत फार माणसं नसायची. लोकांना वाटतं किल्ल्यात हजारभर सैन्य. वेल्समधला हार्लेक किल्ला १२९४-९५ च्या बंडात अवघ्या सदतीस माणसांनी राखला. सदतीस! कारण किल्ला समुद्राकडे तोंड करून आहे, खालून वर शंभराहून जास्त पायऱ्यांची भिंतीआडची वाट, आणि आयर्लंडहून गलबतांनी रसद येत राहिली, म्हणजे बाहेरचे मोजत बसले आणि आतल्यांचे दिवस संपेचनात. शिबंदी कमी असणं ही अडचण नाही, उलट कमी तोंडं. फक्त डिझाइन असं पाहिजे की दहा माणसांना शंभरांची जागा राखता यावी, म्हणून दरवाजा. दरवाजा ही सगळ्यात कच्ची जागा, म्हणून सगळी डोकी तिथे चालवलेली. पुढे उचलता येणारा पूल, मग दोन बुरुजांमधली अरुंद बोळ, वरून खाली सोडता येणारा जाळीचा दरवाजा, त्यामागे लाकडी दरवाजा अडसर लावून, पुन्हा जाळी, आणि छताला भोकं. त्या भोकांतून दगड टाकायचे, आणि बऱ्याचदा पाणीही, कारण शत्रू लाकडी दरवाज्याला आग लावायला बघतो.

तेल? तेल महाग, आणि वेढ्यात तेल खायला लागतं. गरम पाणी, चुन्याची पूड, तापवलेली वाळू, आणि सगळ्यात जास्त म्हणजे साधा दगड, तो फुकट आहे आणि खाली टाकायला कौशल्य लागत नाही. गोल जिने उजव्या हाताच्या शत्रूला अडचण व्हावी म्हणून घड्याळाच्या दिशेने फिरवले, ही अजून एक लाडकी गोष्ट, गाइड हमखास सांगतात. उलटे फिरणारे जिनेही ढिगाने आहेत, मी दोन्ही मोजमापलेत. शत्रू जिन्यावर पोहोचला म्हणजे तुम्ही तसेही संपलात हो.

तटाच्या वरच्या भागात ओळीने चौकोनी भोकं दिसली तर ती बघून ठेवा. काही भोकं बांधताना परांची लावण्यासाठी असतात, पण चर्यांच्या जरा खाली, एका पातळीत असलेली बरीच भोकं लाकडी सज्ज्याची. वेढा पडणार असं दिसलं की सुतार तिथे तुळया घुसवून तटाच्या बाहेर लटकणारी गॅलरी बांधायचे, तिच्या तळाला फटी, म्हणजे वाकून न बघता थेट तटाच्या पायथ्यावर मारता येतं. पुढे हेच दगडात बांधायला लागले.

भुयाराला उत्तर म्हणजे उलटं भुयार. ऐकायचं कुठे खणतायत, पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवायचं, पाणी थरथरलं की दिशा कळते, मग आतून खणत जाऊन त्यांना गाठायचं आणि अंधारात मारामारी. हे प्रत्यक्ष बघायचं तर स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला जा, १५४६-४७ चा वेढा, म्हणजे मध्ययुगाचा शेपटीकडचा भाग, पण दोन्ही भुयारं खडकात तशीच आहेत आणि आत जाता येतं. मी गेलोय. आतल्यांचं भुयार बघून पोटात गोळा येतो, बुटकं, वाकडंतिकडं, कारण ते नुसत्या आवाजावर चाचपडत खणत होते, आधी दुसरीकडे सुरुवात केली, चुकलं, सोडलं, पुन्हा. मी अर्ध्यावर जवळजवळ रांगत होतो, डोकं दोनदा आपटलं. आणि मग एका भगदाडातून तुम्ही खाली बाहेरच्यांच्या भुयारात उतरता आणि एकदम ताठ उभं राहता येतं, ऐसपैस, व्यवस्थित. एकाकडे वेळ होता, दुसऱ्याकडे नव्हता, हे दगडात लिहिलंय.

डोव्हरला १२१६ मध्ये फ्रेंच राजपुत्र लुईच्या माणसांनी उत्तर दरवाजाचा एक बुरूज असाच खणून पाडला, आतला किल्लेदार ह्यूबर्ट द बर्गने भगदाडात लाकडी ओंडके-तुळया कोंबून ते बुजवलं आणि लढत राहिला, डोव्हर पडला नाही. नंतर त्यांनी तो दरवाजाच कायमचा चिणून टाकला आणि दुसरीकडे नवीन केला. केनिलवर्थला तर प्रश्नच नव्हता, बंधारे घालून किल्ल्याभोवती तलाव केला होता, पाण्याखाली भुयार कोण खणणार. १२६६ मध्ये तिथे आत बंडखोर होते, सुमारे सहा महिने वेढा चालला, दोन्हीकडची यंत्रं एवढी मारत होती की धोंडे हवेत एकमेकांवर आदळले असं इतिवृत्तात आहे. बाहेरून चर्चचा मोठा अधिकारी आला आणि आतल्या सगळ्यांना धर्मबहिष्कृत केलं, तर आतल्या एका वैद्याने पांढरा झगा घालून तटावर उभं राहून त्यालाच आणि राजालाही बहिष्कृत करून टाकलं. डिसेंबरात भूक आणि रोगराईने संपले, अटी मान्य करून बाहेर पडले.

अटी हा विषय पिक्चरमध्ये कधीच येत नाही आणि खरं तर निम्मे वेढे अटींवर मिटायचे. किल्लेदार म्हणायचा की अमुक तारखेपर्यंत माझ्या धन्याची मदत आली नाही तर मी किल्ला देतो, तोवर तुम्ही मारू नका. दोघांचा फायदा, आणि किल्लेदाराच्या अब्रूला धक्का नाही. १३१३ मध्ये स्टर्लिंगला असाच करार झाला, १३१४ च्या २४ जूनपर्यंत इंग्रज फौज आली नाही तर किल्ला स्कॉटिशांचा. त्या एका तारखेमुळे इंग्लंडच्या राजाला भलीमोठी फौज घेऊन यावं लागलं आणि बॅनकबर्नची लढाई झाली, ज्यात तो सपाटून हरला. उलट शेवटपर्यंत ताणून धरलं की दयामाया नाही, १२२४ मध्ये बेडफर्डचा किल्ला आठ आठवड्यांनी घेतल्यावर हेन्री तिसऱ्याने आतल्या ऐंशीच्या वर माणसांना फासावर चढवलं.

आणि ज्याच्याकडे दिवस मोजायलाच पैसा नाही त्याने काय करायचं? इंग्रजांशी लढणाऱ्या स्कॉटलंडच्या राजाचं, रॉबर्ट ब्रूसचं बघा. यंत्रं नाहीत, खजिना नाही, मग रात्री दोरीच्या शिड्या. १३१२ मध्ये बेरिकला शिड्या लावल्याही होत्या, एक कुत्रा भुंकला आणि सगळं फिसकटलं. लिनलिथगोला एका शेतकऱ्याने गवताची गाडी बरोबर जाळीच्या दरवाजाखाली उभी केली, दरवाजा खाली येईना, गवतात माणसं लपलेली. १३१४ च्या मार्चमध्ये एडिनबरोला कड्यावरून चढून गेले, वाट दाखवणारा माणूस पूर्वी किल्ल्यातच राहायचा आणि गावातल्या एका बाईला भेटायला रात्री त्याच कड्यावरून उतरायचा. मराठी माणसाला इथे कोंढाणा आठवणारच, १६७०, तोच प्रकार, अवघड बाजूला पहारा ढिला असतो. फरक एवढाच की ब्रूस घेतलेले किल्ले पाडून टाकायचा, राखायला माणसं नव्हती आणि पुन्हा इंग्रजांच्या हातात नको होते. शिवाजी महाराजांनी उलट केलं, घेतले, राखले, नवे बांधले, कारण सह्याद्रीत तटाचं निम्मं काम कातळ करतो आणि शिबंदी थोडकी पुरते.

कातळावरून आठवलं, कोणीतरी विचारेलच की आपल्याकडे भुयारं का चालली नाहीत. चालली, पण दारूची. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट होता म्हणून १६६० मध्ये शाहिस्तेखानाला त्याच्या बुरुजाखाली भुयार नेता आलं, तरी जवळजवळ दोन महिने लागले. आणि माझ्या साताऱ्याला १७०० च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या लोकांनी सुरुंग उडवले तर तट बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या त्यांच्याच शेकडो माणसांवर आला. उतारावरची भिंत उतारानेच जाणार, हे मला कॉलेजात शिकवायच्या आधी आजोबांनी सांगितलं होतं.

तोफा आल्यावर हिशोब बदलला पण एका दिवसात नाही. १४१५ मध्ये फ्रान्समधल्या आर्फ्लरला वेढा घालणाऱ्या इंग्लंडच्या हेन्री पाचव्याकडे तोफा होत्या, तरी पाच आठवडे लागले आणि तोवर हगवणीने त्याच्याच फौजेची वाट लागली. १४६४ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या बॅम्बराच्या किल्ल्यातल्या बंडखोरांना राजाच्या फौजेने निरोप पाठवला होता की हा किल्ला राजाला धडधाकट हवाय, तटाला नुकसान करणारा प्रत्येक गोळा आम्हाला मारावा लागला तर त्याबदल्यात एकेक मुंडकं घेऊ. आतल्यांनी ऐकलं नाही, तोफांनी भिंतीचे दगड समुद्रात उडवले, आणि तोफांपुढे पडलेला इंग्लंडमधला पहिला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. ज्या भिंतीने सात-आठ महिने मिळवून द्यायचे ती आता थोडेच दिवस देणार असेल तर तेवढा खर्च कोण करेल.

इंग्लंडला आलात आणि एकच बघायचं असेल तर रॉचेस्टरला या. लंडनहून ट्रेनने तासाच्या आत होतं. टॉवरच्या आत छप्पर नाही, मजले नाहीत, खाली उभं राहून वर बघितलं की नुसती कबुतरं, शेकोट्यांच्या रिकाम्या कमानी आणि तुळयांची भोकं. ती मधली भिंत शोधा, तिच्यातला विहिरीचा उभा बोगदा दिसेल. मग बाहेर येऊन आग्नेय कोपऱ्याकडे जा, गोल बुरूज असलेला कोपरा. नवं काम जुन्याला कुठे भिडलंय ती रेघ डोळ्यांनी सापडते, दगडाचे थर तिथे नीट जुळत नाहीत. मी दर वेळी तिथे हात लावून बघतो.